साडेसहा मिनिटांचं परराष्ट्र धोरण

डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवर लेन्स्टर हाउस नावाची जुनी हवेली आहे. आयर्लंडची संसद तिथे भरते. कनिष्ठ सभागृहाला डॉल म्हणतात आणि सदस्याला टीडी. विरोधी बाकांवरच्या एका टीडीबाईंच्या कार्यालयात मी प्रश्न लिहून देण्याचं काम करते. परराष्ट्र आणि युरोप हा विषय माझ्याकडे आला तो इतर कुणाला नको होता म्हणून. मतदारसंघात लोक घरभाडं, दवाखाने आणि बस याबद्दल विचारतात, ब्रुसेल्सबद्दल कोण विचारतंय, असं मला सांगण्यात आलं होतं. मग ब्रेक्झिटचा घोळ लांबला, युक्रेनचं युद्ध आलं, गाझा आलं, आणि नको असलेल्या या विषयावर मंत्र्यांच्या प्रश्नोत्तरांच्या एकेका फेरीला ढिगानं प्रश्न यायला लागले. मंत्रीही बदलत गेले: सायमन कोव्हनी, मीहॉल मार्टिन, सायमन हॅरिस. या सगळ्यांची उत्तरं ऐकून आणि त्याहून जास्त वाचून जे हाती लागलं, ते असं.

१. प्रश्न कुणाच्या दारात टाकायचा, ते आधी बघावं.

मालवणहून मावसभावाचा फोन येतो. "ताई, आईचा व्हिसा अडकलाय. तुझ्या मॅडमना सांग ना, परराष्ट्रमंत्र्यांना सभागृहातच विचारू देत." त्याचा समज साधा आहे: परदेशात जायचंय म्हणजे खातं परराष्ट्राचं. पण आयर्लंडमध्ये व्हिसाचा निर्णय न्याय खात्याकडे असतो, अर्ज दूतावासाच्या मार्फत गेला तरी. शिवाय आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे पॅरिसचा व्हिसा हातात असला तरी त्यावर डब्लिनला उतरता येत नाही. मावशीसाठी पत्र न्याय खात्याला गेलं. भावाला मात्र अजून वाटतं की लिओ वराडकर पंतप्रधान असते तर काम फोनवर झालं असतं. वडील वराडचे, म्हणजे आपल्याच तालुक्यातले, हा त्याचा युक्तिवाद.

युरोपच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो. सत्तावीस देशांचे प्रमुख जिथे जमतात त्या युरोपियन कौन्सिलला पंतप्रधान जातात, म्हणून त्या शिखर बैठकीबद्दल त्यांनाच विचारायचं. परराष्ट्रमंत्र्यांच्या परिषदेत काय झालं हे परराष्ट्रमंत्र्यांना विचारायचं. युरोपियन व्यवहारांसाठी आणखी एक राज्यमंत्री आहेत. पत्ता चुकला तर प्रश्न दुसऱ्या खात्याकडे वर्ग होतो आणि तोंडी उत्तराची पाळी हातची जाते.

२. भाषणाला वेळ नसतो. उपप्रश्नच खरा.

एका तोंडी प्रश्नाला साडेसहा मिनिटं. टीडीला प्रस्तावनेला तीस सेकंद, मंत्र्यांना उत्तराला दोन मिनिटं, मग दोघांना आळीपाळीनं एकेक मिनिट, दोन वेळा. संपलं. आमच्या घरात राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांच्या वक्तृत्वाचं नाव आजोबा अजून काढतात. पण तीस सेकंदांत नाथ पैंनाही काय करता आलं असतं? लोकसभेत तारांकित प्रश्नाची सूचना निदान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, आणि मंत्री पुष्कळदा निवेदन सभापटलावर ठेवून मोकळे होतात. इथे ते दोन मिनिटांचं उत्तर वाचून दाखवलं जातं. ते खात्यातल्या अधिकाऱ्यानं लिहिलेलं असतं. परराष्ट्र खातं सेंट स्टीफन्स ग्रीनजवळच्या आयव्हा हाउसमध्ये बसतं. गिनेस बिअरवाल्या घराण्यानं १९३९ मध्ये ही वास्तू सरकारला देऊन टाकली. तिथली मंडळी मूळ उत्तराबरोबरच "हे विचारलं तर हे सांगा" अशी पानंही मंत्र्यांच्या फाइलमध्ये लावतात.

म्हणून आमचा छापील प्रश्न मुद्दाम साधा ठेवतो. नेमका उपप्रश्न बाईंच्या हातातल्या कागदावर असतो. त्यात एकच गोष्ट विचारायची. दोन विचारल्या की मंत्री सोपी निवडतात आणि मिनिट संपवतात. सुरुवातीला बाई तीन तीन विचारायच्या, आता विचारत नाहीत.

३. नशीबही लागतं.

ठरावीक प्राधान्य प्रश्न सोडले तर बाकी तोंडी प्रश्नांचा क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो. म्हणून एकाच पक्षाचे टीडी जवळजवळ सारखाच प्रश्न वेगवेगळ्या नावांनी टाकतात, कुणाचा तरी वर लागेल या आशेनं. मंत्री मग ते सगळे एकत्र घेतात. यात लबाडी आहे, आणि ती दोन्ही बाजूंना पटलेली आहे.

४. आजचं उत्तर मागच्या उत्तराशेजारी ठेवून वाचावं.

बाकीचं सगळं विसरलं तरी चालेल, एवढं ठेवा. परराष्ट्र खात्यात कोणी कोऱ्या कागदावर उत्तर लिहीत नाही. मागच्या वेळचं उत्तर उघडतात आणि त्यावर हात फिरवतात. त्यामुळे जे वाक्य जसंच्या तसं राहिलं ते धोरण, आणि जिथे शब्द बदलला तिथे कुणीतरी बसून तो बदललेला असतो. कुणी, का, कुणाला विचारून, ही चौकशी तिथून सुरू करायची.

सगळ्यात ठळक उदाहरण पॅलेस्टाईनच्या व्याप्त प्रदेशांबद्दलच्या विधेयकाचं. तिथल्या इस्रायली वसाहतींशी व्यापार बंद करावा, असं विधेयक सिनेटर फ्रान्सिस ब्लॅक यांनी २०१८ मध्ये वरिष्ठ सभागृहात मांडलं. कोव्हनी परराष्ट्रमंत्री होते. वसाहती बेकायदा आहेत असं आम्हीही म्हणतो, पण व्यापार धोरण हा संपूर्णपणे युरोपियन युनियनचा अधिकार आहे, आयर्लंडला एकट्यानं अशी बंदी घालता येणार नाही, महाधिवक्त्यांचा सल्ला तसाच आहे, असं त्यांचं उत्तर असे. वर्षानुवर्षं विचारा, हेच. पत्रकारांनी ऐकायचं सोडून दिलं.

मग १९ जुलै २०२४ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सल्लात्मक मत दिलं: हा ताबा बेकायदा आहे, आणि त्याला बळ देणारे आर्थिक व्यवहार इतर देशांनी टाळले पाहिजेत. मार्टिन तेव्हा उपपंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री होते. "करता येणार नाही" हे शब्द मागे पडले आणि नव्यानं कायदेशीर सल्ला घेण्याची भाषा आली. जून २०२५ मध्ये, हॅरिस मंत्री असताना, सरकारनं स्वतःच्या विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. २०१८ चं आणि २०२५ चं उत्तर शेजारी ठेवलं की मधली सात वर्षं दिसतात.

पण त्या मसुद्यात फक्त वस्तू होत्या, सेवा नव्हत्या. खजूर अडणार, वसाहतीतली खोली इंटरनेटवरून भाड्यानं देण्याचा धंदा सुटणार. तेव्हापासून आमचे सगळे उपप्रश्न त्या न आलेल्या शब्दावर.

एक सावधगिरी. प्रत्येक बदल अर्थपूर्ण नसतो. कधीकधी नवीन अधिकारी येतो आणि त्याला जुनी वाक्यं लांबलचक वाटतात. दोन फेऱ्या थांबून बघावं.

५. "युरोपात एकमत नाही" या वाक्याला अर्ध्यावर अडवावं.

हे वाक्य कोणत्याही पक्षाच्या कोणत्याही मंत्र्याला आवडतं, कारण त्यात दोष सत्तावीस जणांत वाटला जातो. विचारायचं ते इतकंच: या निर्णयाला एकमत लागतं का? परराष्ट्र धोरणाच्या निर्णयांना, म्हणजे एखाद्या देशाच्या मंत्र्यावर निर्बंध घालायला वगैरे, साधारणपणे सगळ्या देशांची संमती लागते; एकानं मान हलवली नाही की अडलं. व्यापाराचं तसं नाही. तिथे विशेष बहुमत पुरतं: ५५ टक्के देश, आणि त्यांच्यात युनियनची ६५ टक्के लोकसंख्या.

इस्रायलबरोबरच्या सहकार्य कराराच्या दुसऱ्या कलमात मानवी हक्कांची अट आहे. ती पाळली जाते का ते तपासा, असं पत्र आयर्लंड आणि स्पेन यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये युरोपियन आयोगाला लिहिलं. बराच काळ काही हललं नाही. मे २०२५ मध्ये नेदरलँड्सनं तोच विषय लावून धरल्यावर तपासणी सुरू झाली, आणि सप्टेंबरमध्ये आयोगानं व्यापारी सवलती थांबवण्याचा प्रस्ताव ठेवला. त्याला एकमत नको होतं. अडलं ते लोकसंख्येच्या हिशेबात, जर्मनी आणि इटलीसारख्या मोठ्या देशांपाशी. त्यामुळे आमचा प्रश्न "तुम्ही निषेध करता का?" असा राहिला नाही. तुम्ही रोमला कधी बोललात, बर्लिनला कधी, आणि काय उत्तर मिळालं, असा झाला. पहिल्या दोन गोष्टी सांगाव्या लागतात. तिसरी कुणी सांगत नाही, पण न सांगणंही नोंदलं जातं.

६. परदेशी तुरुंगातल्या माणसाबद्दल विचारताना आवाज खाली ठेवावा.

ही सूचना मला आधी भित्री वाटायची. इब्राहिम हलावा हा डब्लिनचा मुलगा ऑगस्ट २०१३ मध्ये कैरोत पकडला गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता. खटला पुन्हा पुन्हा लांबला. सप्टेंबर २०१७ मध्ये तो निर्दोष सुटला, ऑक्टोबरमध्ये घरी आला. त्या चार वर्षांत सरकार म्हणत होतं की शांतपणे चाललेल्या प्रयत्नांना धक्का लावू नका, आणि विरोधक म्हणत होते की शांतपणामुळेच तो आत आहे. दोघांचंही थोडं खरं असावं. मंत्र्यांना "तुमची पुढची चाल काय?" असं सभागृहात विचारण्यात अर्थ नाही. ती त्यांनी सांगितली तर कैरोतही ऐकली जाते. दूतावासाचा माणूस तुरुंगात शेवटचा कधी गेला, कोर्टात कोण हजर होतं, वैद्यकीय अहवाल मागितला का, या प्रश्नांना तारखेनं उत्तर द्यावं लागतं, आणि पुढच्या तारखेआधी दूतावासाला पुन्हा जावं लागतं.

७. लेखी प्रश्नांचा कंटाळा करू नये.

तोंडी प्रश्नांवर बातमी होते, लेखी प्रश्नांतून माहिती मिळते. उत्तर साधारण तीन कामकाजी दिवसांत येतं आणि कायमचं नोंदीत राहतं. २०२२ मध्ये पासपोर्ट रखडले तेव्हा परराष्ट्रमंत्र्यांना सगळ्यात जास्त भंडावलं ते त्याबद्दलच्या लेखी प्रश्नांनीच. युद्ध नाही, ब्रुसेल्स नाही; लोकांची सुट्टी बुडत होती.

८. तटस्थतेवर विचारायचं असेल तर आकड्यानं विचारावं.

आयर्लंड लष्करीदृष्ट्या तटस्थ आहे पण राजकीयदृष्ट्या नाही, ही ओळ युक्रेननंतर इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यावर वाद घालणं व्यर्थ. त्यापेक्षा बारा हा आकडा घ्या. बारापेक्षा जास्त सैनिक परदेशी मोहिमेवर पाठवायचे तर संयुक्त राष्ट्रांची मंजुरी, सरकारचा निर्णय आणि डॉलचा ठराव, असं तिहेरी कुलूप आहे. ते सरकारला सैल करायचंय. किती सैनिकांपर्यंत, कुणाच्या मंजुरीनं, या दोन मुद्द्यांपलीकडे मी बाईंना जाऊ देत नाही.

९. २०२६ च्या उत्तरार्धात वेगळी पळवाट तयार होईल.

जुलै ते डिसेंबर २०२६ युनियनच्या परिषदेचं अध्यक्षपद आयर्लंडकडे आहे. अध्यक्षाला सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागतं, म्हणून सध्या ठाम भूमिका घेता येत नाही, हे उत्तर त्या सहा महिन्यांत ऐकू येईल असा माझा अंदाज आहे. शेती, अर्थ, पर्यावरण या खात्यांच्या मंत्र्यांना ते थोडंफार शोभेलही, त्यांच्या परिषदा त्यांनाच चालवायच्या आहेत. पण लिस्बन करारापासून परराष्ट्रमंत्र्यांच्या परिषदेचं अध्यक्षपद फिरत्या देशाकडे नसतं, युनियनच्या उच्च प्रतिनिधीकडे असतं. आज तिथे एस्टोनियाच्या काया कालास आहेत. आयरिश मतदारांनी हा करार २००८ मध्ये नाकारून २००९ मध्ये स्वीकारला होता, तेव्हा निदान इथल्या मंत्र्यांना तो पाठ असायला हवा. छापील प्रश्नात आम्ही अध्यक्षपदाच्या काळातले प्राधान्यक्रम विचारू, नेहमीसारखं साधंच. उपप्रश्न बाईंच्या कागदावर आहे: परराष्ट्रमंत्र्यांच्या परिषदेच्या सोमवारच्या बैठकीत अध्यक्षाच्या खुर्चीवर कोण बसलं होतं, आणि आयर्लंडचं मत मांडायला कोण बसलं होतं?