शाळेंतील एक लहान संगणकयंत्र

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं आज संगणक किंवा त्याचें काम करणारा मोबाइल आहे. परंतु हें यंत्र शाळेच्या वर्गांत प्रथम कसें शिरलें, हें थोड्यांसच ठाऊक असेल. त्यासाठीं आपणांस इंग्लंडांतील केंब्रिज शहरीं जावें लागेल. बी. बी. सी. या नभोवाणी-संस्थेनें सामान्य जनांस संगणकाचें ज्ञान देण्याची योजना आंखली, व तिजकरितां एकॉर्न नांवाच्या तेथील लहानशा कंपनीनें १९८१ सालीं ‘बी. बी. सी. मायक्रो’ हें यंत्र बनविलें. त्याचा पहिला नमुना सोफी विल्सन, स्टीव्ह फर्बर व त्यांचे सहकारी यांनीं आठवड्याच्या आंत उभा केला. १२,००० यंत्रें खपतील असा अंदाज होता. खपलीं १० लाखांहून अधिक!

त्याची स्मरणशक्ति किती म्हणाल, तर ‘बी’ नमुन्यांत ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट. एका बाइटांत रोमन लिपीचें एक अक्षर मावतें. आतां गंमत पाहा. पडद्यावर बारीक रेषांचें चित्र काढावयाचें म्हटलें, कीं यांतील २० किलोबाइट त्या चित्राच्याच पोटांत जात. उरलेल्या १२ मध्यें यंत्राचा स्वतःचा कारभार आणि विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम! उलट, केवळ अक्षरांची ‘७’ क्रमांकाची पद्धति घेतली, तर पडद्यास १ किलोबाइट पुरे. चित्र हवें कीं लांब प्रोग्रॅम, हा हिशेब मुलास आधींच करावा लागे. लिहिलेलें जपून ठेवावयाचें, तें बहुधा गाण्यांच्या साध्या कॅसेटवर.

यंत्र सुरू करतांच बेसिक भाषा समोर उभी राही. आज्ञा दिल्यावांचून तें कांहींच करीत नसे. आमच्या मतें त्याचा खरा गुण हाच. आज बोट लावतांच यंत्र करमणूक करूं लागतें. मूल मात्र आज्ञा देणारें न राहतां केवळ पाहणारें होतें. पालकांनीं याचा अवश्य विचार करावा.

भारत सरकारनें १९८४ सालीं ‘क्लास’ ही योजना काढून सुमारें अडीचशें शाळांत हींच यंत्रें बसविलीं. असो.

१९८३ मध्यें विल्सन व फर्बर एका नव्या प्रोसेसरच्या मागें लागले. त्याची रचना बरोबर आहे कीं नाहीं, हें त्यांनीं बी. बी. सी. मायक्रोच्याच बेसिकमध्यें लिहून पडताळलें. २६ एप्रिल १९८५ रोजीं पहिली चिप हातीं आली व त्याच दिवशीं चालली. पुढें फर्बर यांनीं विजेचा खर्च मोजण्यास मापक लावलें, तों कांटा शून्यावर! पाहतात तों चिपेस वीज जोडलेलीच नव्हती. इतर तारांतून झिरपणाऱ्या विजेवर ती काम करीत होती. तीच एआरएम. वाचकांच्या खिशांतील मोबाइलमध्यें बहुधा तिचाच वंशज आहे.