लंडनमधील मित्र आणि लोकमान्य

ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस लोकमान्य टिळक लंडनला पोहोचले, ते राष्ट्राचे प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर एका दाव्यातील फिर्यादी म्हणून. सर व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ‘इंडियन अनरेस्ट’ या ग्रंथात टिळकांवर जे आरोप केले होते, त्यांबद्दल हा अब्रुनुकसानीचा दावा होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टिळकांसह निघालेल्या होमरूलच्या शिष्टमंडळाला कोलंबोहून परत फिरावे लागले होते. ब्रिटिश मंत्रिमंडळाने त्यांचे परवानेच रद्द केले होते. या खेपेस परवाना मिळाला तो दाव्यापुरता आणि राजकीय चळवळ न करण्याच्या अटीवर. महायुद्ध थांबल्यानंतर ही अट शिथिल झाली. फेब्रुवारी १९१९ मध्ये निकाल टिळकांच्या विरुद्ध गेला आणि खर्चाचा मोठा बोजा त्यांच्यावर पडला. तथापि ते लगेच परतले नाहीत. हौली प्लेस येथील दहा क्रमांकाच्या घरात राहून त्यांनी आणखी नऊ महिने लंडनमध्ये काढले. या काळात सरकारशी त्यांचा जो झगडा झाला तो सर्वश्रुत आहे. त्यांच्याच पक्षाच्या इंग्रज मित्रांशी त्यांचे जे बिनसले, त्याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही.

या मित्रांची एक संस्था होती. काँग्रेसची ब्रिटिश कमिटी १८८९ साली लंडनमध्ये स्थापन झाली. सर विल्यम वेडरबर्न, दादाभाई नौरोजी, विल्यम डिग्बी ही मंडळी तिच्या आरंभीच्या कार्यात अग्रभागी होती. ‘इंडिया’ नावाचे पत्र ती चालवी. या पत्राचा व कमिटीचा खर्च हिंदुस्थानातून वर्गणीच्या रूपाने जात असे आणि तो वेळेवर पोहोचत नाही ही तक्रार जवळजवळ कमिटीइतकीच जुनी होती. पार्लमेंटात प्रश्न विचारावेत, सभासदांना माहिती पुरवावी, इंग्रज जनतेची सद्बुद्धी जागृत करावी, अशी या कार्याची दिशा होती. वेडरबर्न यांची निष्ठा निःसंशय होती. आपल्या पदरचा पैसाही त्यांनी या कामी खर्च केला. परंतु निष्ठेबरोबर पालकत्वाची भावनाही येते. काँग्रेसने किती मागावे व कोणत्या शब्दांत मागावे याविषयी सल्ला देण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे कमिटीला वाटत आले होते. मवाळांच्या हाती काँग्रेस होती तोवर या समजुतीला धक्का बसण्याचे कारण नव्हते.

वेडरबर्न जानेवारी १९१८ मध्ये निवर्तले आणि त्याच वर्षी काँग्रेसचे स्वरूपही पालटले. जुलैमध्ये माँटेग्यू-चेम्सफर्ड अहवाल प्रसिद्ध झाला. मुंबईच्या खास अधिवेशनाने त्यातील सुधारणा असमाधानकारक ठरविल्या. मवाळ नेते बाहेर पडून त्यांनी वेगळी संघटना उभारली. डिसेंबरमध्ये दिल्ली येथे जे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष म्हणून टिळकांचीच निवड झाली होती. ते विलायतेत असल्याने पंडित मदनमोहन मालवीय यांनी ते स्थान भूषविले. दिल्लीने मुंबईच्याही पुढे जाऊन प्रांतांत ताबडतोब पूर्ण जबाबदार राज्यपद्धती मागितली. लंडनमधील कमिटीचा कल मात्र मिळते आहे ते स्वीकारण्याकडे होता. म्हणजे काँग्रेसच्या पैशावर चालणारी संस्था व तिचे पत्र काँग्रेसच्या ठरावाशी पूर्णपणे एकरूप नव्हते.

टिळकांनी येथे जी भूमिका घेतली ती साधी होती. कमिटी ही काँग्रेसची शाखा आहे की इंग्रज सहानुभूतिदारांचे स्वतंत्र मंडळ आहे? शाखा असेल तर दिल्लीचा ठराव तिला बंधनकारक होय. स्वतंत्र मंडळ असेल तर तिने काँग्रेसचे नाव व काँग्रेसचा पैसा वापरू नये. १९१९ च्या उन्हाळ्यात विठ्ठलभाई पटेल, दादासाहेब खापर्डे, न. चिं. केळकर प्रभृती मंडळी लंडनमध्ये येऊन मिळाल्यावर या प्रश्नाला धार आली. वाटाघाटी कटू झाल्या. अखेर काँग्रेसच्या धोरणाशी सुसंगत वागण्याचे तत्त्व मान्य करून कमिटीची पुनर्रचना झाली. ‘इंडिया’चे संपादकत्वही गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतील सहकारी हेन्री पोलॅक यांच्याकडून हेलेना नॉर्मंटन यांच्याकडे गेले. याच बाई पुढे इंग्लंडमधील पहिल्या स्त्री बॅरिस्टरांपैकी एक म्हणून नावारूपास आल्या.

अ‍ॅनी बेझंट यांच्याशी आलेला दुरावा याहून अधिक जिव्हारी लागणारा होता. १९१६ साली टिळकांनी बेळगावला आणि बेझंटबाईंनी मद्रासला होमरूल लीग स्थापन केली. मुंबई शहर वगळता महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत व वऱ्हाड टिळकांच्या लीगकडे आणि उरलेला देश बाईंच्या लीगकडे, अशी वाटणी स्नेहभावाने झाली होती. १९१७ मध्ये बाईंना स्थानबद्ध केले तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी निःशस्त्र प्रतिकार करावा, असे सुचविणाऱ्यांत टिळक होते. दोनच वर्षांनी त्या मुंबईच्या ठरावाला चिकटून राहिल्या, स्वतःची निराळी लीग काढून निराळे शिष्टमंडळ घेऊन लंडनला आल्या. संयुक्त निवड समितीपुढे ऑगस्ट १९१९ मध्ये टिळकांची साक्ष झाली. बेझंटबाईंचीही स्वतंत्रपणे झाली. हिंदी राष्ट्रवाद्यांचे दोन सूर इंग्रज सभासदांनी एकाच दालनात ऐकले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. टिळक स्वतः सुधारणांवर बहिष्कार घालण्याच्या मताचे नव्हते. हाती येईल ते घ्यावे, वापरावे आणि उरलेल्यासाठी भांडावे, हा त्यांचा पिंड होता; मायदेशी परतल्यावर महिनाभरातच अमृतसरला त्यांनी प्रतियोगी सहकारितेचा पुरस्कार केला तो याच वृत्तीने. मग लंडनमध्ये इतका ताठरपणा कशासाठी? मतभेद मागणीच्या परिमाणाविषयी होता त्यापेक्षा ती मागणी कोणी ठरवायची याविषयी अधिक होता. तडजोड करायची झाल्यास ती काँग्रेसने करावी. तिच्या वतीने लंडनच्या हितचिंतकांनी ती आधीच करून ठेवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. याची किंमतही होती. पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी काँग्रेसने टिळकांना प्रतिनिधी नेमले होते, पण तेथे जाण्याचा परवाना मिळाला नाही; अध्यक्ष विल्सन यांना धाडलेल्या निवेदनाला त्यांच्या कचेरीकडून सौजन्याचे, पण पोकळ उत्तर आले. अशा एकाकी स्थितीत जुन्या मित्रांना दुखविणे हे धाडसाचेच काम होते.

त्यांनी नवे मित्र मात्र जोडले. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांनी आधीच मजूर पक्षात पाया घातला होता. त्या पक्षाला टिळकांनी दोन हजार पौंडांची देणगी दिली. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला साठ जागाही मिळाल्या नव्हत्या, हे पाहता ही दूरदृष्टी होती असेच म्हटले पाहिजे. या व्यवहारात देणारा हिंदुस्थान होता, आणि म्हणून बोलणे बरोबरीचे होते.

नोव्हेंबर १९१९ मध्ये टिळक मुंबईला उतरले. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरला काँग्रेसने असहकाराचे धोरण कायम केले आणि ब्रिटिश कमिटी व ‘इंडिया’ पत्र दोन्ही बंद करण्याचे ठरविले. त्या अधिवेशनास इंग्लंडहून आलेले पाहुणे मंडपात उपस्थित होते. ते मजूर पक्षाचे कर्नल वेजवुड आणि बेन स्पूर होते.