रक्ताची पारख

सर्व माणसांचे रक्त लालच असते. परंतु डोळ्यांना दिसणारा हा सारखेपणा फसवा आहे. न जुळणारे रक्त दिल्यास रोग्याचे प्राणही जाऊ शकतात. रक्तातील हा भेद व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने ओळखला आणि १९०१ साली प्रसिद्ध केला. त्याबद्दल १९३० साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. आज ए, बी, एबी आणि ओ हे चार मुख्य रक्तगट सर्वांस ठाऊक आहेत.

रक्तगट हाताने तपासण्याची रीत अशी. तंत्रज्ञ दोन काचनळ्यांत रोग्याच्या तांबड्या पेशी घेतो. एकीत ए-विरोधी व दुसरीत बी-विरोधी द्रव घालून तो त्या चक्रयंत्रात फिरवितो आणि मग हलकेच हालवून पाहतो. ज्या नळीत पेशींचे पुंजके होतात, तिच्यावरून गट कळतो. यानंतर उलट तपासणी होते. रोग्याचा रक्तद्रव ए व बी गटांच्या पेशींत मिसळतात. दोन्ही उत्तरे जुळली, तरच गट निश्चित करतात.

मोठ्या रुग्णालयांत आता हेच काम स्वयंचलित यंत्रे करतात. यंत्र नळीवरचा बारकोड वाचते, द्रव मोजून घालते आणि जेल भरलेल्या बारीक नलिका फिरविते. पेशींचे पुंजके वर अडकतात; मोकळ्या पेशी तळाशी जातात. कॅमेरा त्याचे चित्र टिपतो व संगणक नोंद ठेवतो. शेकडो नमुने तपासूनही यंत्र थकत नाही. एकाचे नाव दुसऱ्याच्या नळीस लागण्याचा धोकाही कमी होतो. मात्र यंत्र महाग असते. त्यास अखंड वीज व नियमित देखभाल लागते. म्हणून जेथे नमुने थोडे, तेथे काचनळीच सोयीची ठरते.

असे असले, तरी दोन्ही रीतींना एक मर्यादा आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अत्यंत विरळ रक्तगटाचे वर्णन प्रसिद्ध केले. 'बॉम्बे रक्तगट' या नावाने तो आज जगभर ओळखला जातो. हे रक्त वरील दोन्ही तपासण्यांत ओ गटाचेच भासते. परंतु त्याचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींचेही पुंजके करतो! अशा रोग्यास ओ गटाचे रक्त दिले, तर घात होतो. ओ पेशी घेऊन तपासले नाही, तर हात काय आणि यंत्र काय, दोघेही सारखेच फसतात. याचसाठी रक्त देण्यापूर्वी रोग्याचा रक्तद्रव दात्याच्या पेशींशी जुळवून पाहतात.

यंत्र विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्वरित देते; पण कोणता प्रश्न विचारावयाचा, हे माणसाच्या ज्ञानावर आणि दक्षतेवर अवलंबून असते.