एकत्र घडणाऱ्या घटनांची संभाव्यता : सिकलसेलचे उदाहरण

दोन घटना एकत्र घडण्याची संभाव्यता काढावयाची असता दोहोंच्या संभाव्यतांचा गुणाकार करावा, एवढेच पुष्कळांच्या स्मरणात असते. नियम याहून थोडा निराळा आहे : पहिल्या घटनेच्या संभाव्यतेस, ती घडली असे धरून येणाऱ्या दुसरीच्या संभाव्यतेने गुणावे. या दुसऱ्या राशीस सशर्त संभाव्यता म्हणतात. नाणेफेकीत हा भेद दिसत नाही. पहिल्या फेकीचा दुसरीशी संबंधच नसतो. म्हणून येथे निराळे उदाहरण घेतले आहे.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भ, नंदुरबार आणि लगतच्या गुजरात व मध्य प्रदेशातील आदिवासी भागांत विशेष आढळतो. आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते वाहक होते व सहसा निरोगी दिसते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेस मूल रुग्ण होण्याची संभाव्यता १/४, वाहक होण्याची १/२ व निर्दोष असण्याची १/४ असते. एक मूल रुग्ण झाले, आता पुढील तीन निर्धोक, हा समज निराधार आहे.

समजा, एका तरुणाचा सख्खा भाऊ रुग्ण आहे. तो स्वतः व आईवडील मात्र रुग्ण नाहीत. अर्थात आईवडील दोघेही वाहक आहेत. तरुण वाहक असण्याची संभाव्यता किती? १/२ नव्हे. तो रुग्ण नाही हे ठाऊक असल्याने चारांतील एक शक्यता गळाली. उरलेल्या तिहींपैकी दोन वाहकाच्या, म्हणून २/३. त्याची नियोजित वधू तपासणीत वाहक ठरली आहे. तेव्हा पहिले मूल रुग्ण होण्याची संभाव्यता २/३ × १/४ = १/६.

पहिली दोन्ही मुले रुग्ण होण्याची? १/६ × १/६ = १/३६ हे उत्तर चटकन सुचते, पण ते चूक आहे. पहिले मूल रुग्ण निघाले की पिता वाहक असल्याचे सिद्धच झाले. मग दुसऱ्या मुलासाठी १/६ नव्हे, १/४ धरावयास हवा. उत्तर १/६ × १/४ = १/२४, म्हणजे आधीच्या दीडपट. उलट पहिले मूल रुग्ण नसेल तर दुसऱ्याचा धोका १/६ वरून ३/२० वर येतो, घट अल्पच. शिक्षकांनी हा आकडा विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा.

हे सारे गणित तरुणाचे रक्त तपासलेले नाही तोवरचे. विद्राव्यता चाचणी व तिच्या खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस झाले, की २/३ च्या जागी १ किंवा ० येतो आणि १/६ च्या जागी १/४ किंवा शून्य.