कांचेच्या टाकींतील गोगलगायी

मुलांच्या हौसेखातर माशांची कांचेची टाकी आतां खेड्यांतील घरांतही दिसूं लागली आहे. एके दिवशीं तिच्या कांचेवर मोहरीएवढे दोनचार ठिपके सरकतांना दिसतात, मुलांस मौज वाटते, आणि महिन्यादोनमहिन्यांत सारी कांच गोगलगायींनीं भरून जाते.

अशा वेळीं शेतकऱ्याचा हात सहजच मोरचुदाकडे जातो. बोर्डो मिश्रणासाठीं तो घरांत असतोच. आम्हींही एकदां तेंच केलें. सकाळीं गोगलगायी मेलेल्या होत्या खऱ्या, पण मासेही पोट वर करून तरंगत होते. पाण्यांत विरघळलेलें तांबें माशांच्या कल्ल्यांस बाधतें, आणि पाणी जड नसेल तर ही बाधा अधिकच तीव्र होते. शिवाय शेंकडों गोगलगायी एकदम मेल्या म्हणजे त्या कुजून पाण्यांतील प्राणवायु घटतो व अमोनिया वाढतो. म्हणून मासे असलेल्या टाकींत औषध घालूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मुळाशीं गेलें असतां असें दिसतें कीं, गोगलगायी आपण होऊन फोफावत नाहींत; घरधनीच त्यांस पोसतो. बांधावर खत सांडलें कीं तण माजतें, तसाच हा प्रकार. मासे दोनतीन मिनिटांत संपवितील एवढेंच खाद्य घालावें, कुजकीं पानें काढावीं, व तळचा गाळ रबरी नळीनें ओढून घ्यावा. मग रात्रीं काकडीची एक फोड तळाशीं ठेवावी आणि पहाटे तिजवर जमलेल्या गोगलगायींसह उचलावी. हा क्रम पंधरावीस दिवस न चुकतां चालवावा. पानांच्या खालच्या अंगास पारदर्शक, बुळबुळीत अंडीं चिकटलेलीं असतात, तींही खरवडावीं. पुष्कळ जातींत नरमादी एकाच देहांत असल्यामुळें एक गोगलगाय उरली तरी वंश चालतो. लांबट, टोकदार शंखाची जात दिवसा वाळूंत दडते; ती रात्रीं दिवा घेऊन पाहिल्यावांचून कळत नाहीं. दहावीस राहिल्या तर मात्र आम्ही त्यांस हात लावीत नाहीं. त्या शेवाळ व उरलेलें अन्न खातात.

गोगलगायी खाणारे बोटिया जातीचे मासे मिळतात. परंतु ते बरेच वाढतात व त्यांस सोबती लागतात; लहान टाकींत एका पिडेसाठीं दुसरीं पोटें पोसणें आम्हांस रुचत नाहीं. त्यापेक्षां नवी पाणवनस्पति तीनचार आठवडे निराळ्या बादलींत ठेवून, निघालेलीं पिलें वेंचून मगच टाकींत लावावी. बहुतेक गोगलगायी याच वाटेनें येतात.

काढलेल्या गोगलगायी कोठें टाकाव्या, हा प्रश्न शेतकऱ्यास विशेष महत्त्वाचा आहे. चपट्या, गुंडाळलेल्या शिंगासारख्या शंखाची इंडोप्लॅनॉर्बिस ही आपल्याकडील डबक्यांतूनही आढळते. गुरांच्या नाकांत राहणाऱ्या व त्यांस घोरावयास लावणाऱ्या रक्तकृमीची वाढ हिच्याच देहांत होते. आजारी जनावराच्या शेंबडांतून कृमीचीं अंडीं पाण्यांत पडतात, त्यांतून निघालेले जीव गोगलगायींत शिरून अनेक पटींनीं वाढतात, आणि बाहेर पडून दुसऱ्या गुराच्या कातडींतून आंत जातात. दुकानांतून आलेली गोगलगाय निर्दोष असेलही. पण ती गुरांच्या हौदांत पोंचली कीं कृमीस आयतें बिऱ्हाड मिळालें. यास्तव टाकीचें पाणी हौदांत, पाटांत वा विहिरीजवळ ओतूं नये. तें दाट फडक्यांतून गाळून फुलझाडांस घालावें, आणि फडक्यावर राहिलेलें सारें उकळत्या पाण्यांत टाकून खतखड्ड्यांत पुरावें.