जुन्या गाडीचा नवा संसार

नागपूरजवळ हिंगणा येथे राज्य परिवहन महामंडळाची कार्यशाळा आहे. दापोडी व चिकलठाणा येथील कार्यशाळा या तिच्या भगिनी होत. येथे लोखंडी चौकटीवर पत्रा चढतो, बाके बसतात, खिडक्या लागतात आणि आपल्या ओळखीची एस. टी. उभी राहते. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर पहिली एस. टी. धावली.

परंतु गाडीलाही वार्धक्य येते. पुष्कळ गाड्या मोडीत निघतात. काहींना मात्र नवा जन्म लाभतो. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे प्रवास थांबला, तेव्हा महामंडळाने काही जुन्या गाड्यांतील बाके काढून त्यांना मालवाहू केले. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसगाड्यांतून स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे उभारली गेली.

असेच आणखी एक रूपांतर म्हणजे फिरते घर. फिरता संसार आपल्याला नवा नाही. बंजारा समाजाचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून, मुलाबाळांसह गावोगाव जात. आज बैलांच्या जागी चाके आली. अशा वाहनांतून होणाऱ्या पर्यटनासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये धोरणही आखले.

गाडीचे घर करावयाचे म्हणजे केवळ बाके काढून खाट टाकावयाची, असे नव्हे. प्रथम तळाचा सांगाडा तपासावा लागतो. तो गंजलेला असेल तर वरची सजावट व्यर्थ होय. मग भाराचा विचार येतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. तेव्हा २०० लिटरची टाकी भरली की २०० किलोग्रॅमचा बोजा वाढला! शिवाय अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी वळणावर हिंदकळते व गाडीला एका बाजूस ओढते. म्हणून टाकी खाली ठेवतात, तिच्यात आडवे पडदे घालतात आणि दोन्ही बाजूंचा भार सारखा राखतात. नागपूरच्या वैशाखात पत्रा तव्यासारखा तापतो. त्यासाठी आतून उष्णतारोधक थर द्यावा लागतो. स्वयंपाकाच्या जागी हवा खेळती हवी आणि संकटकाळी बाहेर पडण्याचे दार कधीही अडवता कामा नये.

कायद्याचीही मर्यादा आहे. वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यास परिवहन कार्यालयाची मान्यता लागते. शासनाच्या व परिवहन महामंडळांच्या गाड्यांना १५ वर्षे पूर्ण झाली, की १ एप्रिल २०२३ पासून त्यांची नोंदणी चालू राहत नाही. अशा गाडीविषयी आपल्याला कितीही माया वाटली, तरी तिला रस्त्यावर आणणे म्हणजे स्वतःचे व इतरांचे प्राण धोक्यात घालणे होय. ती एका जागी उभी राहून वाचनालय होऊ शकेल, मुलांची खोली होऊ शकेल. पण धावणारे घर होऊ शकणार नाही.

जुनी वस्तू टाकून देण्यापूर्वी तिच्यात काय शिल्लक आहे, हे पाहावे. आणि ती पुन्हा वापरण्यापूर्वी तिच्यात काय उरलेले नाही, हेही पाहावे. पहिल्या पाहण्यात काटकसर आहे, दुसऱ्यात शहाणपण. उत्तम कारागिराजवळ या दोन्ही दृष्टी असतात.

शब्दार्थ : वार्धक्य – म्हातारपण. मोडीत निघणे – निकामी ठरणे. हिंदकळणे – द्रव पदार्थ भांड्यात इकडेतिकडे उसळणे. उष्णतारोधक – उष्णता आत येऊ न देणारा.

स्वाध्याय
१. फिरत्या घरात पाण्याची टाकी खाली का ठेवतात?
२. जुन्या बसगाड्यांची कोणकोणती रूपांतरे या पाठात आली आहेत?
३. ‘काटकसर’ आणि ‘शहाणपण’ यांतील फरक आपल्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूच्या उदाहरणाने स्पष्ट करा.