परसातली अळंबी खावी का?

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या परसात पांढऱ्या छत्र्या उगवतात. शिजवताना चांदीचं नाणं काळं पडलं नाही तर अळंबी बिनविषारी, असं सासूबाई म्हणतात. हे खरं का?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : नाही, ताई. अळंबीच्या घातक विषांमुळे चांदी किंवा लसूण काळी पडत नाही. किडीने खाल्लेली छत्रीही माणसाला बाधू शकते.

ओळख पटते ती अनेक खुणा एकत्र पाहून. छत्रीखालचे पातळ पडदे दांड्याला चिकटलेत की सुटे आहेत? दांड्यावर कडं आहे का? छत्री उपटू नका, बुंध्याभोवतीची माती उकरा. खाल्ल्या जाणाऱ्या वारुळाच्या अळंबीच्या टोपीला मधोमध टोक असतं आणि दांडा मुळासारखा खोल वाळवीच्या घरापर्यंत जातो.

आता बीजाणूंचा ठसा घ्या. दांडा कापून टोपी, पडदे खाली करून, अर्ध्या काळ्या-अर्ध्या पांढऱ्या कागदावर रात्रभर झाकून ठेवा. वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी उमटतो. हिरवट उमटला, तर ती बहुधा हिरव्या बीजाणूंची विषारी छत्री, म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. गवतावर वाढणारी ही अळंबी कोवळेपणी पांढऱ्या पडद्यांची असते, म्हणूनच फसवते. काही विषारी जातींचा ठसाही गुलाबी असतो, त्यामुळे एवढ्यावरून खाण्याचा निर्णय घेऊ नका.

जाणकाराने प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय परसातली अळंबी शिजवू नका. हौस असेल तर लागवडीची धिंगरी आणा. परसातली अळंबी चुकून खाल्लीच, तर उलटीची वाट न पाहता उरलेला तुकडा घेऊन रुग्णालय गाठा. अमानिटा या अळंबीच्या गटातल्या काही जातींच्या विषबाधेची लक्षणं सहा तासांनंतरही दिसू लागतात, आणि ते विष शिजवूनही जात नाही.